वजनगट कुणाचा, शरीर कुणाचं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात ‘खेळ आणि स्त्रीचं शरीर’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलेलं मला दिसलं. रेशन, पोटगी, घरातली मारहाण असे विषय सकाळपासून चाललेत, आणि मध्येच हे बॉक्सिंग कुठून आलं? त्यातही बॉक्सरनी एका वजनगटातून दुसऱ्या वजनगटात उड्या मारण्याशी आपला काय संबंध? एकमेकींना ठोसे मारणाऱ्या बायकांचं आपण कौतुक करायचं का, असंही काहीजणींच्या मनात आलं असेल. तो प्रश्न खरा आहे, मी त्याला बगल देणार नाही. पण आधी माझीच एक गोष्ट सांगते.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. आमचा कबड्डीचा संघ होता. कबड्डीत लहान गटाला वजनाची अट असते हे तुमच्यातल्या काहीजणींना ठाऊक असेल. एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमची सगळ्यांत चांगली चढाई करणारी मुलगी अर्धा किलो जास्त भरली. मी तिला सांगितलं, ‘रात्री जेवू नकोस, सकाळी पाणीही पिऊ नकोस.’ पहाटे स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ती वजनात बसली. सामना आम्ही जिंकलो. दुपारी ती नळापाशी चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? ‘बाई, घरी सांगू नका, पुन्हा खेळायला सोडणार नाहीत.’

मी घरी सांगितलं नाही. ढाल शाळेच्या कपाटात लागली. तेव्हा मला ही शिस्त वाटत होती. पुढे चळवळीत आले, शरीरावरच्या हक्काबद्दल तुमच्याबरोबर घोषणा दिल्या, तेव्हा ती मुलगी मला आठवायला लागली. तिचं शरीर त्या दिवशी कुणाचं होतं? तिचं नव्हतं. शाळेचं होतं, माझं होतं, त्या काट्याचं होतं. आज बोलायला उभी राहिले आहे ती त्या अर्ध्या किलोमुळे.

वजनगट हा मुळात न्यायाचा नियम

बॉक्सिंगमध्ये वजनगट कशासाठी असतात? जड माणसाचा ठोसा जड असतो, म्हणून. पूर्वी इंग्लंडात उघड्या मुठींच्या झुंजी होत, तेव्हा वजन कुणी विचारत नसे. हळूहळू गट पडत गेले आणि १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं आठ गट ठरवून दिले. त्यातला सगळ्यांत हलका फ्लायवेट, म्हणजे माशीच्या वजनाचा. त्याची मर्यादा ११२ पौंड, सुमारे ५१ किलो. सगळ्यांत वरचा हेवीवेट, त्याला वरची मर्यादाच नाही. आज व्यावसायिक पुरुषांच्या बॉक्सिंगमध्ये सतरा-अठरा गट आहेत. दोन गटांत कुठे कुठे दीड-दोन किलोंचाच फरक असतो.

सगळ्यांना एकाच मापानं मोजलं की समता झाली असं होत नाही, हे आपण राखीव जागांच्या वादात घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो. पन्नास किलोच्या माणसाला नव्वद किलोच्या माणसासमोर उभं करून ‘नियम दोघांनाही सारखेच’ म्हणणं ही फसवणूक आहे, हे बॉक्सिंगनं शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलं. पण ते पुरुषांपुरतं.

पुरुषांच्या उड्या

आता या गटांमधून उड्या मारणारे कोण? क्रीडापानांवर त्यांच्या कथा आवडीनं छापल्या जातात. हेन्री आर्मस्ट्राँग हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय बॉक्सर. ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत त्यानं फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशा तीन गटांचं जगज्जेतेपद मिळवलं आणि तिन्ही किताब एकाच वेळी त्याच्याकडे होते. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड आणि वेल्टरवेटची १४७, म्हणजे साडेनऊ किलोंचा फरक. फिलिपिन्सचा मॅनी पॅक्वियाओ, गरिबीमुळे पोरवयात घर सोडलेला, १९९८ साली ११२ पौंडांच्या गटात जगज्जेता झाला आणि २०१० साली १५४ पौंडांच्या गटात. आठ गटांत त्यानं किताब मिळवले.

तिसरा रॉय जोन्स. मिडलवेटपासून चढत चढत तो मार्च २००३ मध्ये हेवीवेट किताबासाठी जॉन रुईझसमोर उभा राहिला. जोन्सचं वजन १९३ पौंड, रुईझचं २२६. तरी जोन्स जिंकला. सगळीकडे वाहवा झाली. मग ते कमावलेलं वजन उतरवून तो १७५ पौंडांच्या गटात परत आला. नोव्हेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरशी झालेली लढत त्यानं कशीबशी जिंकली आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरनं त्याला दुसऱ्या फेरीतच आडवा केला. वर चढताना चढवलेलं मांस घाईघाईनं उतरवण्याची किंमत शरीरानं वसूल केली, असं अनेक जाणकार म्हणतात.

पुरुषांच्या शरीराला किंमत मोजावी लागत नाही असं मी म्हणत नाही. १९९७ साली अमेरिकेत वजनात बसण्याच्या धडपडीत महाविद्यालयीन कुस्तीगीर मुलं जवळजवळ एका महिन्यात तीन मेली. तीही कुणाची तरी मुलंच होती. पण आर्मस्ट्राँग, पॅक्वियाओ, जोन्स या तिघांच्या कथेत एक गोष्ट समान आहे. शिडीच्या पायऱ्या जागेवर होत्या. खालच्या गटात राहायचं ठरवलं असतं तरी तिथे प्रतिस्पर्धी होते, प्रेक्षक होते, पैसा होता. वर जायचं की नाही, हे ठरवायला जागा होती. म्हणूनच त्यांच्या उडीला धाडस म्हणता येतं.

बाईच्या वाट्याला किती पायऱ्या?

आता बायकांकडे वळू. बार्बरा बट्रिक ही इंग्लंडमधली यॉर्कशरची मुलगी. उंची चार फूट अकरा इंच, वजन ९८ पौंड, म्हणजे साधारण साडेचव्वेचाळीस किलो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ती जत्रेतल्या तंबूंमध्ये बॉक्सिंग करायची. पुढे अमेरिकेत गेली. तिच्या वजनाच्या बायका मिळणार कुठून? बाईनं रिंगमध्ये उतरणं हेच मुळी लाजिरवाणं मानलं जात होतं. त्यामुळे तिच्यापेक्षा जड बायकांशी ती खेळत राहिली. तिच्या कारकिर्दीतली एकमेव हार झाली ती तिच्याहून बऱ्याच जड असलेल्या जोॲन हेगनकडून. बट्रिकनं कुठला गट सोडून कुठल्या गटात उडी मारली? गटच नव्हते. जी समोर येईल तिच्याशी लढायचं, नाहीतर घरी बसायचं.

हे जुनं झालं म्हणाल, तर २००३ साली काय घडलं ते बघा. अमेरिकेत व्यावसायिक महिला बॉक्सिंग लोकांच्या नजरेत आणण्यात क्रिस्टी मार्टिनचा मोठा वाटा. तिचा नेहमीचा गट साधारण १४० पौंडांचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिची लढत लावली लैला अलीशी, मुहम्मद अलीच्या मुलीशी, जी त्याहून दोन-तीन गट वरची. मार्टिन वजन वाढवून गेली आणि चौथ्या फेरीत बाद झाली. महिला बॉक्सिंगमध्ये मोठी नावं होती तीच मुळी मोजकी. ती समोरासमोर आणायची तर मधल्या किलोंकडे डोळेझाक करायची, असा तो हिशेब.

अमांडा सेरानोचं उदाहरण तर अचंबा वाटावा असं आहे. प्वेर्तो रिकोत जन्मलेली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये तिनं १४० पौंडांच्या गटात किताब जिंकला. जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, ती ११५ पौंडांच्या गटात उतरली आणि प्रतिस्पर्धी एव्हा व्होराबर्गरला ३५ सेकंदांत हरवलं. सात वेगवेगळ्या गटांत किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. पंचवीस पौंड म्हणजे सव्वाअकरा किलो. तुमच्या घरातल्या अकरा किलोच्या तांदळाच्या पिशवीची कल्पना करा. चार महिन्यांत तेवढं अंगावरून उतरवायचं, आणि तेही ताकद शाबूत ठेवून.

हे तिनं का केलं असेल? माझं वाचन असं. एकाच गटात राहून चार चांगल्या लढती मिळाल्या तर पुरुष बॉक्सरचा जन्मभराचा संसार चालतो. बाईला त्या लढती मिळत नव्हत्या, मिळाल्या तरी त्यांचा पैसा होत नव्हता. मग लोकांचं लक्ष जाईल असं काहीतरी करायचं. एकाच गटात दहा वेळा जिंकून कुणी विचारत नाही, पण सात गटांत जिंकली की बातमी होते. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेरानो आणि आयर्लंडची केटी टेलर यांची लढत झाली. तिथे बायकांची लढत मुख्य म्हणून होण्याची ती पहिलीच वेळ. दोघींनाही दहा लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाल्याचं जाहीर झालं. त्यासाठीही आपल्या १२६ पौंडांवरून टेलरच्या १३५ पौंडांवर सेरानोलाच जावं लागलं. निकाल टेलरच्या बाजूनं लागला. उडीचा खर्च तिचा, हे त्यातलं खरं.

दहातले तीन

आता आपल्या देशात येते, म्हणजे मेरी कोमकडे. मणिपूरच्या शेतमजुरी करणाऱ्या घरातली मुलगी, हे सगळ्यांना पाठ आहे. तिच्यावर सिनेमा झाला, भाषणं झाली. मी तुम्हाला तिचा फक्त वजनाचा तक्ता वाचून दाखवते. जागतिक स्पर्धेत २००१ साली ४८ किलो गटात रौप्य. २००२ साली ४५ किलो गटात सुवर्ण. २००५, २००६ आणि २००८ साली ४६ किलो गटात सुवर्ण. त्यातलं २००८ चं जुळ्या मुलांच्या जन्मानंतरचं. २०१० साली ४८ किलो गटात सुवर्ण. म्हणजे ती पाच वेळा जगज्जेती झाली, तोवर ४८ च्या वर गेली नव्हती.

आणि मग २०१२ चं लंडन ऑलिंपिक. बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येत होतं. जागतिक स्पर्धेत तेव्हा बायकांचे दहा गट होते. ऑलिंपिकनं त्यातले तीन घेतले. ५१ किलो, ६० किलो आणि ७५ किलो. पुरुषांचे गट दहा. एकंदर २८६ बॉक्सर. त्यात पुरुष २५० आणि बायका ३६.

मेरी कोमचा गट त्या तिनांत नव्हता. पाच वेळा जग जिंकलेल्या बाईला सांगण्यात आलं की ऑलिंपिकला यायचं असेल तर शरीर बदलून ये. तिनं बदललं. वजन वाढवलं, अंगानं मोठ्या आणि उंच मुलींशी खेळली आणि कांस्यपदक आणलं. उपांत्य फेरीत ती हरली ती इंग्लंडच्या निकोला ॲडम्सकडून, आणि ॲडम्सनं पुढे सुवर्ण जिंकलं. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याच गटात मेरी कोमला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे विसरून त्या कांस्याचं मोल करता येत नाही.

तिच्याच मणिपूरची सरिता देवी. २००६ साली दिल्लीत ५२ किलो गटात जगज्जेती झालेली. लंडनसाठी ५२ चा गटही नाही. ५१ चा दरवाजा जवळ होता, पण एका देशातून एका गटात एकीलाच आत सोडतात. सरिता ६० किलोंत गेली. आठ किलो वर. आशियाई अजिंक्यपदही त्या गटात मिळवलं, पण लंडनला पोहोचू शकली नाही. एकाच राज्यातल्या दोन जगज्जेत्या, दोघींचीही वजनं जवळजवळ, आणि दोघींनाही आपापलं अंग वाढवून दरवाज्यात मावावं लागलं.

दरवाजे अरुंद असले की मग काय होतं? आपल्याला हे नळावरच्या रांगेत ठाऊक आहे. पाणी कमी सोडणारा दिसत नाही, हंडा पुढे सरकवणारी शेजारीण दिसते. मेरी कोम, पिंकी जांगडा, निखत जरीन या सगळ्या त्या एका ५१ किलोच्या दारात एकमेकींसमोर आल्या. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत पिंकीनं मेरी कोमला हरवलं. २०१९ साली निखतनं चाचणीची जाहीर मागणी केली आणि डिसेंबरमध्ये झालेल्या त्या लढतीत मेरी कोम जिंकली. वर्तमानपत्रांनी ‘दोन बायकांचं भांडण’ म्हणून ते रंगवलं. तीनच गट कुणी ठेवले, हे कुणी फारसं विचारलं नाही.

लंडन ऑलिंपिकच्या आधी जागतिक संघटनेनं बायकांनी रिंगमध्ये स्कर्ट घालावा म्हणजे त्या पुरुषांहून वेगळ्या ओळखू येतील, असाही प्रस्ताव पुढे केला होता. गट वाढवायला जागा नव्हती. स्कर्टचा विचार करायला वेळ होता. बॉक्सर मुलींनी आणि लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ते सक्तीचं झालं नाही.

पुढे काही बदललं का? बदललं, आणि ते नोंदवलं पाहिजे. टोकियोला बायकांचे गट पाच झाले, २०२४ च्या पॅरिसला सहा. पुरुषांचे सात झाले आणि खेळाडूंची संख्या दोघांची सारखी, प्रत्येकी १२४. बारा वर्षांत ३६ वरून १२४. मागणी केल्याशिवाय हे झालेलं नाही. पण गटांच्या रेषा मात्र दर वेळी बदलत राहिल्या. आसामच्या लवलीना बोरगोहेननं टोकियोत ६९ किलो गटात कांस्य मिळवलं. पॅरिसला ६९ चा गटच गेला. खाली ६६, वर ७५. ती वर गेली. २०२३ साली ७५ मध्ये जगज्जेती झाली, हे तिचं कर्तृत्व. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या ली छियानकडून हरली. निखत जरीन २०२२ साली ५२ किलोंत जगज्जेती होती, ऑलिंपिकला ५० मध्ये यावं लागलं. पहिल्या लढतीनंतर जेव्हा ती पुढच्या लढतीत हरली, तेव्हा तिनं सांगितलं की वजनासाठी दोन दिवस खाल्लं नव्हतं, पाणीही प्यायलेलं नव्हतं, आणि वजन झाल्यावर सावरायला वेळच मिळाला नाही.

शेवटचे दोन किलो कसे उतरतात?

चरबी एका रात्रीत उतरत नाही. रात्रीत उतरतं ते पाणी. म्हणून जेवण बंद, पाणी बंद, अंगावर जाड कपडे, वाफेच्या खोलीत बसणं, दोरीवरच्या उड्या, काहीजण तोंडातली लाळसुद्धा थुंकत राहतात. २०१८ साली पोलंडमधल्या एका स्पर्धेत मेरी कोम पहाटे पोहोचली तेव्हा ती ४८ किलोच्या मर्यादेहून दोन किलो जास्त होती. वजन घ्यायला चार तास. तासभर सलग दोरीवर उड्या मारून तिनं ते उतरवलं आणि सुवर्णही जिंकलं. ही गोष्ट आपल्याकडे प्रेरणा म्हणून सांगतात. मी ती वाचली तेव्हा मला आमच्या शाळेतला नळ दिसला.

व्यावसायिक बॉक्सरचं वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात, म्हणजे निदान रात्रभर पाणी पिता येतं. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळीच काट्यावर उभं राहावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना डोक्यावर बसणारा ठोसा अधिक धोक्याचा, असं डॉक्टर सांगतात. सतत कमी खाणाऱ्या खेळाडू मुलींची पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरून राहतं, वजन किलो-दीड किलो वाढू शकतं, हे तर सांगायला डॉक्टरही नको. काट्याला मात्र यातलं काही कळत नाही.

इथे एका कुस्तीगीर मुलीचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. खेळ वेगळा, काटा तोच. विनेश फोगाट ५३ किलोंत खेळायची. पॅरिससाठी तो गट दुसरीकडे गेला होता, म्हणून ती ५० मध्ये उतरली. त्याआधीचं वर्ष तिनं जंतरमंतरवर लैंगिक छळाच्या विरोधात बसून काढलं होतं, ते तुम्ही विसरला नसाल. ६ ऑगस्ट २०२४ ला तिनं एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. त्यातली पहिली युई सुसाकीविरुद्ध, जिला आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कुणी हरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली. रात्रभर व्यायाम केला, वाफ घेतली, केस कापले. नियमानं तिचं आदल्या दिवशीचं यशही पुसलं गेलं आणि ती यादीत शेवटची ठरली.

तिनं क्रीडा लवादाकडे दाद मागितली. पाळीपूर्वीच्या दिवसांचा मुद्दाही तिच्या बाजूनं मांडला गेला. लवादावर ऑस्ट्रेलियाच्या एक बाई होत्या. तिनं काही गैर केलेलं नसताना होणारे हे परिणाम अतिकठोर आहेत, असं त्यांनी नमूद केलं. पण नियम तो नियम, म्हणून अर्ज फेटाळला.

याच्याशेजारी १९९८ सालचा एक खटला ठेवून बघा. ब्रिटनमध्ये जेन काऊच या बॉक्सरला व्यावसायिक परवाना नाकारला होता. तिथल्या बॉक्सिंग मंडळाचं म्हणणं काय, तर पाळीच्या आधी बायका भावनिकदृष्ट्या अस्थिर होतात, म्हणून त्यांना रिंगमध्ये सोडणं धोक्याचं! काऊच तो खटला जिंकली. पण गंमत बघा. बाईला बाहेर ठेवायचं असतं तेव्हा पाळी हे शास्त्रीय कारण ठरतं. बाई आत येते आणि सांगते की पाळीमुळे अंगात पाणी धरलंय, तेव्हा ते कारण राहत नाही. आपल्या गिरणीत, शेतावर, हॉटेलातल्या मोरीवर राबणाऱ्या बायकांना हे नवीन नाही.

मोठं होण्याचा हक्क

आता सुरुवातीचा प्रश्न. ठोसे मारण्यात मुक्ती आहे का? मला तसं वाटत नाही. मेंदूला मार बसणारा खेळ पुरुषांचा असो की बायकांचा, त्याच्याबद्दल माझ्या मनात शंका आहे आणि ती मी लपवत नाही. पण ज्या मुली तिथे गेल्या आहेत त्यांना ‘बिचाऱ्या’ म्हणायलाही मी तयार नाही.

कारण या उड्यांमध्ये एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या मुलींना लहानपणापासून काय सांगतात? लहान राहा. कमी जेव, हळू बोल, अंग चोरून बस, भावाला आधी वाढ. लग्न ठरलं की बारीक हो, बाळंतपण झालं की पुन्हा बारीक हो. अशा समाजात मेरी कोमला ५१ किलोंत जायला जास्त खावं लागलं, खांदे भरावे लागले. अमेरिकेतल्या फ्लिंट गावची क्लॅरेसा शील्ड्स. २०१२ आणि २०१६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेली. जानेवारी २०२० मध्ये तिनं १५४ पौंडांच्या गटात किताब जिंकला होता. तीच शील्ड्स वर चढत गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच गावात हेवीवेटची निर्विवाद जगज्जेती झाली. बाईनं अंगानं मोठं व्हायचं, आणि ते लपवायचं नाही, त्याचाच किताब घ्यायचा! हे चित्र आपल्या मुलींनी पाहावं असं मला वाटतं.

म्हणजे वजनगट बदलणं वाईट नाही. पायऱ्या दोन्ही बाजूंना असतील, वर जायचं की खाली यायचं की जागेवर राहायचं हे ती स्वतः ठरवत असेल, तिला वेळ आणि पोटभर अन्न मिळत असेल, तर ती उडी तिची. पायऱ्याच काढून घेतल्या आणि मग ती कशीबशी पोहोचली, तर तिला धाडस म्हणून हार घालणं सोपं असतं. पायऱ्या काढून घेणाऱ्याला त्यात काहीच मोजावं लागत नाही.

आपण ऑलिंपिकचे नियम बदलायला जाणार नाही. पण आपल्या गावात, तालुक्याला कुस्तीची, कबड्डीची, बॉक्सिंगची मुलींची स्पर्धा होते तेव्हा आपल्यातली एकजण तिथे जाऊ शकते. चार गोष्टी विचारायच्या. मुलांचे गट किती, मुलींचे किती? वजन कधी घेता, आणि नंतर खायला-प्यायला वेळ देता का? वजन घेताना बाई अधिकारी असते का, आडोसा असतो का? चक्कर आलेल्या मुलीला खेळायचं नाही असं सांगायला कुणी डॉक्टर तिथे आहे का, आणि त्याचं ऐकलं जातं का? उत्तरं लिहून आणा. पुढच्या बैठकीत आपण ती एकत्र मांडू.

आणि आपल्या गटात कुणी शिक्षिका असतील, तर त्यांना एक विनंती. मुलगी अर्धा किलो जास्त भरली तर तिला वरच्या गटात खेळवा. वरचा गट नसेल तर तो मागा. तोवर ती हरली तरी चालेल. आमच्या त्या मुलीची मला नंतर कधी भेट झाली नाही. झाली तर काय बोलायचं हे मी अनेकदा ठरवलं आहे. ते तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून आज तुम्हाला सांगितलं.